भिंतींच्या मधे बारीक पट्टी दाबताना या चुका टाळा

गेल्या वर्षी डिप्लोमाची दोन पोरं एक आलेख घेऊन माझ्याकडे आली. स्टीलची पातळ पट्टी उभी धरायची, दोन्ही बाजूंना जाड अ‍ॅक्रिलिकच्या भिंती लावायच्या आणि वरून दाबत न्यायचं, असा त्यांचा प्रोजेक्ट. पुस्तकातल्या हिशेबाने पट्टी १८ न्यूटनला वाकायला हवी होती. त्यांचा आलेख मात्र शून्यापासून तिरका वर चढत गेला होता, बकलिंगची, म्हणजे दाबाखाली पट्टी एकदम बाजूला वाकण्याची, कुठे खूणच नाही. "सर, भिंतीमुळे स्ट्रेंग्थ वाढली," असं एकाने ठामपणे सांगितलं. दुसरा गप्प होता, कारण वाचनं त्याने घेतली होती.

हा प्रयोग दिसायला पोरखेळ, पण यात चुकायच्या जागा भरपूर. त्यातल्या बऱ्याच मी स्वतः करून बसलोय. पुढचं सगळं एकाच पट्टीवर बोलू, म्हणजे आकडे पडताळता येतील: लांबी ३०० मिमी, रुंदी २० मिमी, जाडी ०.५ मिमी, स्प्रिंग स्टील, यंग मोड्युलस (पदार्थाचा ताठपणा) २०० गिगापास्कल. दोन्ही टोकं जबड्यात घट्ट, फिरू न शकणारी, म्हणजे फिक्स्ड. पट्टी मधोमध आणि दोन्हीकडे ५ मिमी मोकळी जागा, म्हणजे फट.

भिंत आहे म्हणून पट्टी उशिरा वाकते, हा गैरसमज

भिंतीला पट्टीची खबर लागते ती पट्टी टेकल्यावर. टेकण्याआधी भिंत असली काय, नसली काय, पट्टीला फरक नाही. त्यामुळे पहिला क्रिटिकल लोड, म्हणजे पट्टी वाकायला लागते तो भार, गणितज्ञ ऑयलरने १७४४ मध्ये दाखवलेल्या वाटेनेच येतो. फिक्स्ड टोकांसाठी ४π²EI भागिले लांबीचा वर्ग; E म्हणजे यंग मोड्युलस, I म्हणजे रुंदी गुणिले जाडीचा घन भागिले १२. आपल्या पट्टीला तो १८.३ न्यूटन, जेमतेम १.९ किलो वजन.

भिंत ठरवते ते पुढचं. १८.३ न्यूटनला पट्टी एका बाजूला फुगते, आणि टेकेपर्यंत भार जवळपास तेवढाच राहतो. पोट भिंतीला एका बिंदूत टेकलं की भार परत चढू लागतो. तो चौपट, म्हणजे ७३ न्यूटन झाला की टेकलेल्या जागी पट्टीचा बाक शून्य होतो आणि तिथून ती भिंतीला सपाट चिकटायला लागते. भार वाढेल तसा सपाट भाग लांबतो, टोकाकडच्या कमानी आखडतात. नऊपटीला, १६४ न्यूटनच्या आसपास, सपाट भाग १०० मिमी होतो आणि मग तो स्वतःच एक छोटा फिक्स्ड कॉलम असल्यासारखा भिंतीपासून सुटतो. तेव्हा येणारा 'टक्' आवाज नीट ऐका. तो पहिल्या बकलिंगचा नसतो, पहिलं बकलिंग मुकाट होतं.

बरोबर उत्तर, चुकीचं कारण

आता हे चार आणि नऊ पाहून हुशार विद्यार्थी म्हणतो, "सोपं आहे की! मधे टेकली म्हणजे लांबी निम्मी, म्हणून चौपट. तीन तुकडे झाले की नऊपट." हाच युक्तिवाद मी एकदा वर्गात फळ्यावर लिहिला होता आणि कोणी हरकत घेतली नव्हती. फिक्स्ड टोकांना उत्तरं जुळतात, म्हणून चूक पकडली जात नाही.

टोकं हिंज्ड, म्हणजे बिजागरीसारखी फिरणारी, करून बघा. तीच पट्टी आता ४.६ न्यूटनला वाकते. चौपटीला, १८.३ वर, सपाट चिकटायला लागते. इथवर नियम चालतो. पुढे नऊपटीला, ४१ न्यूटनला, सपाट भाग सुटायला हवा. सुटत नाही. तो सोळापटीला, ७३ न्यूटनला सुटतो, कारण तेव्हा मधला सपाट तुकडा लांबीच्या निम्मा झालेला असतो, एक तृतीयांश नव्हे. टेकलेला बिंदू म्हणजे आधार किंवा सांधा नव्हे. भिंत फक्त ढकलू शकते, धरून ठेवू शकत नाही. आणि टेकण्याची जागा भाराबरोबर बदलत राहते. 'प्रभावी लांबी'ची तक्त्यातली पद्धत ठरलेल्या जागी असलेल्या आधारांसाठी आहे, ती इथे उसनी आणू नका.

फट वाढवली की भार बदलेल, ही अपेक्षा

वरच्या एकाही भारात ५ मिमी हा आकडा कुठे आला नाही, हे लक्षात आलं का? लहान विक्षेपाच्या, म्हणजे पट्टी थोडीच वाकते असं धरलेल्या, हिशेबात हे सगळे टप्पे फटीवर अवलंबून नसतात. फट बदलली की बदलतं ते आखडणं, म्हणजे पट्टीचं वरचं टोक किती खाली येतं ते, आणि तेही फटीच्या वर्गाने.

आपल्या पट्टीचं पोट भिंतीला टेकतं तेव्हा वरचं टोक फक्त ०.२१ मिमी खाली आलेलं असतं. सपाट चिकटणं सुरू होतं ०.२५ मिमीला. 'टक्' होतो ०.३७५ मिमीला. म्हणजे पहिल्या स्पर्शापासून टक्पर्यंतचं सगळं नाटक ०.१७ मिमीत संपतं! एम-६ बोल्टचा आटा १ मिमीचा असतो. तुम्ही त्याने दाबत असाल तर हे साधारण साठ अंशांचं वळण झालं, मनगटाचा एक छोटा हिसका.

पोरांचा आलेख इथेच फसला होता. त्यांनी फट २ मिमी ठेवली होती, 'भिंत जवळ असेल तर परिणाम जास्त दिसेल' म्हणून. त्यात पहिला स्पर्श ०.०३ मिमीला होतो. त्यांची पट्टी वाकली नव्हती असं नाही, वाकून टेकूनसुद्धा झाली होती, पण हे सगळं स्क्रूच्या बॅकलॅशमध्ये (आट्यांमधल्या मोकळ्या खेळात) आणि जबड्यातल्या ढिलाईत गडप झालं. पहिलं बकलिंग आलेखावर आडवी रेघ म्हणून दिसावं असं वाटत असेल तर फट मोठी ठेवा.

मात्र हवी तेवढी मोठीही चालत नाही. भार तोच राहिला तरी पट्टीतला वाकण्याचा ताण फटीच्या प्रमाणात वाढतो. ५ मिमी फटीला, टक् व्हायच्या क्षणी, तो सुमारे १५७ मेगापास्कल असतो. वर थेट दाबाचे १६ धरा. फट १० मिमी केली की बेरीज ३३० च्या पुढे. स्प्रिंग स्टील हे हसत सोसेल. वर्कशॉपच्या कोपऱ्यातून उचललेली साधी माइल्ड स्टीलची पट्टी २५० ला नमते आणि कायमची वाकडी होते. दुसऱ्या फेरीत आकडे जुळत नसतील तर पट्टी बाहेर काढून काचेवर ठेवा. खाली उजेड दिसला तर ती फेकून द्या.

आणि फट मोजताना पट्टीची जाडी विसरू नका. भिंतींमधलं अंतर १० नव्हे, १०.५ मिमी हवं. या अर्ध्या मिलिमीटरने आखडण्याचे आकडे दहा टक्के हलतात.

मशीन कोणतं?

कॉलेजात यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) आहे म्हणून त्याच्यात लावणं ही सर्वांत नैसर्गिक आणि सर्वांत वाईट कल्पना. ४० टनांच्या मशीनला १८ न्यूटन म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी. लोखंडी चौकट, बारीक आट्याचा स्क्रू, भार मोजणारी २० किलोची लोड सेल आणि आखडणं मोजायला पट्टीच्या वरच्या जबड्यालाच टेकवलेला ०.०१ मिमीचा डायल गेज एवढं पुरतं. डायल गेज चौकटीला लावून 'तेच ते' म्हणू नका. लोड सेल स्वतः थोडी वाकते म्हणूनच मोजू शकते, आणि तिचं ते वाकणं आपल्या ०.१७ मिमीच्या नाटकाच्या तुलनेत दुर्लक्ष करण्याजोगं नसतं.

वजनं टांगून दाबणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. स्क्रूने दाबताना आपण आखडणं ठरवतो, भार त्याचं उत्तर देतो. वजनांनी दाबताना भार आपण ठरवतो, तो कमी होऊच शकत नाही. टक् होतो तिथे हा फरक उघडा पडतो. स्क्रूवर, घर्षण धरलं नाही तर, माझ्या हिशेबाने भार १६४ वरून १३० न्यूटनला उतरतो आणि सुटलेला भाग भिंतीपासून जेमतेम ०.९ मिमी आत येतो. समोरच्या भिंतीवर तो आपटत नाही, आपटायला लागणारं आखडणंच तोवर झालेलं नसतं. बरेच जण या एक मिलिमीटरच्या खोलगटाकडे बघतात आणि 'काहीच झालं नाही' म्हणून पुढे दाबतात. वजनांवर हेच झालं तर पावणेसतरा किलो एकदम खाली येतात आणि पट्टी समोरची भिंत गाठते. बोटं लांब ठेवा. मऊ चौकट आणि मऊ लोड सेल असली की स्क्रूने दाबणंही अर्धवट वजनांनी दाबल्यासारखंच होतं. एकाच पट्टीवर दोन गटांचे निकाल वेगळे आले तर आधी चौकटींचा ताठपणा तपासा.

टक् १६४ च्या बराच आधी, समजा १३०-१४० ला झाला, तर घाबरायचं कारण नाही. सपाट भागाचं हे सुटणं मुळातल्या बाकाला फार हळवं असतं. पट्टीत केसाएवढा पोक असला, भिंतीवर धुळीचा कण असला, तरी ते आधीच उरकतं. उलट पहिलं १८ न्यूटनचं बकलिंग दोषांना तेवढं भीत नाही, तिथे फक्त आलेखाचा कोपरा गोल होतो. हा फरक अहवालात लिहिला तर परीक्षक खूश होतात, हा स्वानुभव.

टेकली की चिकटली, हे कसं ओळखायचं

नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. मी बटर पेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून भिंत आणि पट्टी यांच्या मधे वरपासून खालपर्यंत चार-पाच ठिकाणी सोडतो, मिठाईच्या खोक्यातला कागदही चालतो. भार चढवत हळूच एकेक ओढून बघायचा. एका बिंदूचा स्पर्श असेल तर मधलाच कागद अडकतो. सपाट झाली की शेजारचेही स्पर्श करू लागतात, आणि गंमत म्हणजे मधला थोडा सैल होतो. कारण सपाट भागात भिंतीचा दाब मधे नसतोच, तो दोन काठांवर एकवटतो, जिथून पट्टी भिंत सोडते तिथे. आपल्या पट्टीत टक् व्हायच्या आधी प्रत्येक काठावर सुमारे ८ न्यूटन. मागून मोबाइलचा टॉर्च मारला तर सपाट भाग काळ्या रेघेसारखाही दिसतो.

या दोन काठांमुळेच घर्षण येतं. घर्षणांक ०.३ धरला तर १६४ पैकी ५ न्यूटनपर्यंत भिंत खाऊ शकते. अ‍ॅक्रिलिकवर कॅरमची पावडर बोटाने फासली की हे बरंच कमी होतं. पावडर न लावता भार चढवतानाची आणि उतरवतानाची वाचनं घ्या, दोन वेगळ्या रेषा मिळतील. त्यातलं सगळं अंतर मात्र घर्षणाचं नसतं. घर्षण शून्य असलं तरी सुटलेला भाग परत चिकटायला आखडणं ०.३७५ च्या खाली, साधारण ०.३६६ मिमीपर्यंत न्यावं लागतं. म्हणून 'उतरवताना जुळत नाही, म्हणजे वाचन चुकलं' असं समजून अर्धा तक्ता खोडू नका. डोमोकोश, होम्स आणि रॉयस यांनी १९९७ मध्ये या बांधलेल्या बकलिंगवर जे काम केलं, त्यातही जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या असणं हा एक मुख्य मुद्दा आहे.

कॉम्प्युटरवर

सॉफ्टवेअरमध्ये 'लिनिअर बकलिंग' दाबून नऊपटीचा आकडा येईल अशी वाट बघणारे भेटतात. त्या हिशेबाला स्पर्श कळत नाही. तो पहिला १८.३ देईल, नंतरचे मोडही (वाकण्याचे पुढचे आकार) देईल, पण ते भिंतीविना असलेल्या पट्टीचे. नॉनलिनिअर, स्पर्शासहित, आखडणं ठरवून चालवा. मुळात शंभर टक्के सरळ पट्टी काढली तर ती १६४ च्या पुढेही सरळ उभी राहील. पहिल्या मोडच्या आकाराचा जाडीच्या शंभराव्या भागाएवढा बाक द्या. वेळ वाचवायला सममिती धरून अर्धीच पट्टी काढू नका. टक् झाल्यानंतर खऱ्या पट्टीला एका बाजूला सरकायला किंवा इंग्रजी एससारखं व्हायला आवडतं, आणि अर्ध्या मॉडेलला ते शक्यच नसतं. टक्च्या जागी सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) अडकला तर तो बिघाड नव्हे, उडी आहे. तेवढा भाग डायनॅमिक करून ओलांडा. स्पर्शाची पेनल्टी (सॉफ्टवेअरमधल्या भिंतीचा ताठपणा) फार मऊ ठेवली तर पट्टी भिंतीत घुसते, मग फट ५ मिमीची राहतच नाही.

नळीत पट्टी नसते

सपाट भिंती सोडून नळीत तार ढकलायला गेलात की वरचं गणित उचलून नेता येत नाही. पट्टीला वाकायला एकच दिशा होती, तारेला सगळ्या. आडव्या नळीत ती आधी तळाशी नागमोडी होते, मग नळीच्या भिंतीला लपेटून स्प्रिंगसारखी गुंडाळते. तेलविहिरींच्या लोकांना हे फार आधी भोवलं. लुबिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये गुंडाळीचा हिशेब मांडला, आणि तिरप्या विहिरीत नागमोड कधी सुरू होते हे डॉसन आणि पॅसले यांनी १९८४ मध्ये. मुंबई हायच्या समुद्रात आडव्या विहिरी खोदताना किंवा त्यांत नळी सोडतानाही हेच गणित मांडावं लागतं.

घरातलं उदाहरण घ्या. २ मिमीची स्टीलची तार, आतून २१ मिमीच्या कंड्युटमध्ये, म्हणजे वायरिंगच्या नळीत. ४ न्यूटन, म्हणजे चारशे ग्रॅम जोर लावला की ती नागमोडी होऊ लागते. पुढे गुंडाळली की ती नळीला दाबते, आणि हा दाब जोराच्या वर्गाने वाढतो. दुप्पट ढकला, चौपट घर्षण. याचा शेवट विचित्र होतो: घर्षणांक इथेही ०.३ धरला तर दहा मीटर सरळ नळीच्या पलीकडच्या टोकाला पोचणारा जोर, तुम्ही या टोकाला कितीही लावा, २२ न्यूटनच्या वर जाऊ शकत नाही. वीस मीटरला त्याच्या निम्मा. बेंड तर अजून मोजलेच नाहीत. इथली चूक म्हणजे अडली की जास्त जोर लावणं. जाड तार घेतली तर फायदा होतो, तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो म्हणून. पण बेंडमधून ती वळायला हवी.

माझ्या घरी हॉलपासून गच्चीपर्यंत केबल न्यायची होती, तेव्हा मी अर्धा तास फिश वायर, म्हणजे केबल ओढून घ्यायला आधी नळीत घालायची तार, ढकलत होतो. हे सगळं गणित माहीत असूनही. इलेक्ट्रिशियन शेवटी म्हणाला, "साहेब, व्हॅक्यूम क्लीनर आहे का घरात?" त्याने दुधाच्या पिशवीचा तुकडा बोंडासारखा दोऱ्याला बांधला, हॉलच्या टोकाला तो नळीत सरकवला आणि गच्चीच्या टोकाला व्हॅक्यूम लावला. रीळ भराभर उलगडत गेलं. मग दोऱ्याने नायलॉनची दोरी ओढली, दोरीने केबल. "ढकलायचं नसतं, ओढायचं असतं," तो म्हणाला. मी मान हलवली आणि चहा टाकायला आत गेलो.